वीस ग्रॅम कॉफी

दाजी गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी मैदानावर पोरांची कवायत घेत होतो. फोन अक्काचा नव्हता, तिच्या शेजारणीचा होता. सांगलीला, विश्रामबागेतल्या घरी, सकाळची कॉफी करता करता दाजी ओट्यापाशीच कोसळले, एवढंच तिने सांगितलं. माझ्या तोंडून निघालं, "सुटली बिचारी..." आणि क्लार्क माझ्याकडे बघतच राहिला. आता दीड महिना होऊन गेला, पण त्या शब्दांची मला लाज वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट. सुरुवातीची काही वर्षं कर्नाटकात नोकरी केली, तिथून कॉफीचं वेड घेऊन आले. आम्ही सातारची चहावाली माणसं. आम्हाला त्या पितळी फिल्टरचं काय कौतुक! कारखान्याने मोडीत काढलेला इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी घरी आणून दुरुस्त केला होता. रोज सकाळी बिया स्वतः दळायच्या, पूड बरोबर वीस ग्रॅम घ्यायची, पाणीसुद्धा वजन करून ओतायचं. लाल आकडे स्थिर होईपर्यंत घरात कुणी हलायचं नाही. कॉफी मात्र फक्कड व्हायची, हे खोटं कशाला सांगू? चिमटीतून पुडीचा एकेक कण सोडणारा तो हात अक्कावर पडायचा तेव्हा त्याला कसलंच माप नसायचं. पट्टा, उलथनं, जे सापडेल ते. तिच्या दंडावरचे वळ आम्हाला दिसायचे आणि ती न्हाणीत घसरल्याचं सांगायची. मूलबाळ नव्हतं, मध्ये पडणारं कुणी नव्हतं. आणि आम्ही माहेरची शहाणी माणसं चहा पिऊन परत यायचो.

चार वर्षांपूर्वी नागपंचमीला मी तिला माहेरी न्यायला गेलो होतो. पंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, तळायचं नाही, दळायचं नाही. म्हणून अक्काने आदल्या संध्याकाळीच कॉफीच्या बिया दळून, वीस ग्रॅम पूड तोलून, कागदाची पुडी बांधून ठेवली होती. पण कागद आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा असतो, ते ती विसरली. सकाळी दाजींनी पुडी काट्यावरच्या वाटीत रिकामी केली. आकडा अठरावर थांबला. दोन ग्रॅम कमी! त्यांनी फिल्टर उचलला आणि तिच्या कपाळावर हाणला.

रक्त डोळ्यात उतरलं तशी ती भिंतीला धरून खाली बसली. फिल्टर पुन्हा वर गेला... पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. एकदा नाही, हाड मोडल्याचा आवाज आला तरी आपटत राहिलो. ते खाली पडले, तर वरून लाथा घातल्या. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आणखी थोडा वेळ मिळता तर मी त्यांना जिवंत ठेवलं नसतं. अक्काच रक्ताळलेल्या तोंडाने मध्ये आली, मला दारापर्यंत ढकलत नेलं आणि म्हणाली, "पुन्यांदा हितं पाय ठिवू नगंस."

त्यानंतर चार पंचम्या आणि चार भाऊबीजा कोरड्या गेल्या. पत्रांना उत्तर नाही. एकदा दारापर्यंत जाऊन आलो, तर तिने कडी काढली नाही. मार खाईल पण नवऱ्यालाच धरून राहील, अशा बाईसाठी आपण का जळायचं, असं मी बायकोला सांगायचो आणि रात्रंदिवस जळायचो.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. अक्काने काटा पुढ्यात ओढला, पूड तोलली आणि माझ्यासाठी कॉफी केली. तिच्या कपाळावर जुना व्रण होता, नवा एकही नव्हता. शेवटी मी विचारलंच, दार का लावलंस?

ती काट्यावर सांडलेली पूड बोटाने गोळा करत होती. म्हणाली, "तू मारलंस त्या दिसापास्नं त्यांनी माज्यावर हात उचलला न्हाई."

"मग?"

"दवाखान्यातच त्यांनी बोलून घेतलं हुतं, म्हनले, तुला कवा हात लावनार न्हाई, पर तुजा भाऊ या घरात दिसाया नगं. मी व्हय म्हनले." गोळा केलेली पूड डब्यात टाकत म्हणाली, "त्यांनी शबुद पाळला रं. मी बी पाळला."

चार वर्षं मी त्या माणसाला रोज शिव्या घालत होतो, आणि त्या प्रत्येक दिवशी माझी बहीण मार न खाता झोपत होती... माझ्या हातातली कॉफी निवून गेली होती. अक्काने ती पुन्हा गरम करून दिली आणि उद्याची गाडी किती वाजताची आहे ते विचारलं. मी म्हणालो, "दोन तिकिटं काढतो." ती नाही म्हणाली नाही.