लग्नपत्रिकांची नाताळकार्डं

"देव तुमचा तुमच्यापाशी ठेवा, कागद तेवढा मला द्या."

लग्नसराई संपली की भोकरदनच्या आमच्या गल्लीत सिस्टर दारोदार असं म्हणत फिरायच्या. लोक जुन्या लग्नपत्रिका पुढं करत. सिस्टर उभ्याउभ्याच कात्रीनं वरचा गणपती, कुठं बुद्ध असले तर बुद्ध, नीट कापून घरवाल्यांच्या हातात ठेवत आणि उरलेला जाड कागद पिशवीत टाकत.

डिसेंबरात त्या कागदाची नाताळकार्डं व्हायची. आम्ही दोघं एकाच सरकारी दवाखान्यात होतो. त्या नर्स, मी शिपाई. खेड्यापाड्यांत त्यांनी जिथं जिथं अवघड बाळंतपण केलं, त्या घरी दर नाताळाला त्यांच्या हातचं कार्ड जायचं. घर कोणत्या धर्माचं, हा सवाल नव्हता.

पत्रिकेच्या सोनेरी काठाची चांदणी, मैद्याची खळ आणि कापसाची मेंढरं. टीव्हीत तर बर्फ दाखवतात, असं मी एकदा म्हणालो.

"बर्फ इथं कोणी पाह्यलाय? मेंढरं पाह्यलीत ना सगळ्यांनी?"

त्यांची मेंढरं सशासारखी दिसायची, पण ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

एकदा गडबडीत एका कार्डाची मागची बाजू झाकायची राहिली. पुढं येशूचा जन्म आणि मागं 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' तीर्थपुरीहून फोन आला, "सिस्टर, यायचं बिलकुल पक्कं हाय, पण तारीख कोणती?" हसून हसून त्यांना ठसका लागला. आणखी एका घरी तर म्हातारीनं कार्ड देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं. मी घाबरून सिस्टरांकडं पाहिलं. "लावू द्या हो," त्या म्हणाल्या. "बाळाच्या पाचवीला न्हाई का लावत?"

चोवीस तारखेला माझी मोटरसायकल, मागं सिस्टर, मांडीवर पिशवी. केदारखेड्याच्या पलीकडं एक वस्ती आहे. तिथं तीन घरी कार्ड द्यायचं. चौथं घर आलं की त्या म्हणत, "गाडी जरा जल्दी घ्या."

त्या घरातलं बाळ त्यांच्या हातात गेलं होतं. चूक कोणाची नव्हती. मी तिथंच होतो, मला ठाऊक आहे. पण त्या घरचंही कार्ड त्या दर वर्षी बनवायच्या आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून द्यायच्या. "मी दारात गेले की तिला तेच आठवंल. कशाला तिची जखम उकरायची?" त्या बाळाच्या आईच्या काळजीपोटी म्हणायच्या खऱ्या, पण भीती त्यांची स्वतःचीही होती.

मागच्या नाताळात त्यांचे गुडघे सुजले. कार्डं वाटायला मी एकटाच निघालो. माझा स्वभाव मुळात आगाऊ. निघताना डब्यातलं वरचं कार्ड खिशात घातलं.

चौथ्या घरची बाई ओसरीवर कापसाची बोंडं फोडत बसली होती. कार्ड पाहून तिनं हात लुगड्याला पुसले. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"शेजारी तिन्ही घरी येतं," ती म्हणाली. "मलाच न्हाई. वाटलं, माझं लेकरू जगलं न्हाई, म्हणून मी त्यांच्या लेखी कोणीच न्हाई. बाळंतपण तर माझंबी त्यांनीच केल्तं ना?"

तसाच परत आलो आणि सिस्टरांना शब्दन् शब्द सांगितला. आधी त्या माझ्यावर कडाडल्या. "तुम्हाला कोणी सांगितल्तं हा शहाणपणा करायला?" नंतर खुर्चीचा हात धरून उठल्या. मग म्हणाल्या, "गाडीत पेट्रोल हाय का?"

सुजल्या गुडघ्यांनी त्या माझ्यामागं बसल्या. बरोबर डबा घेतला. बाई दारातच उभी होती. "या सिस्टर, च्या ठेवते," एवढंच ती बोलली. मी गाडीपाशी थांबलो. बऱ्याच वेळानं डोकावलो तर चहा तसाच गार पडलेला, ओसरीवर आठ वर्षांची कार्डं एका ओळीत मांडलेली, आणि सिस्टर एकेक उचलून तिला वाचून दाखवत होत्या. दोघी रडत होत्या. मीही रडलो, लपवत कशाला.

उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. जालन्याला माती झाली. गाड्या भरून माणसं आली होती.

परवा चोवीस तारखेला मला त्या बाईचा फोन आला.

"भाऊ, औंदा कार्ड आलं न्हाई."

मला वाटलं, हिला कोणी कळवलंच नसावं. "ताई," मी जपून म्हणालो, "सिस्टर गेल्या."

"ठावं हाय मला. मातीला आल्ते मी," ती म्हणाली. "तरी इचारलं."