मनीची पाठवणी

परवा नातीनं मांजराची जाळीची पेटी गाडीत पट्ट्यानं बांधली आणि मला आमची मनी आठवली. आमची पहिली मारुती नवीन होती तेव्हा. निरगुडसरला माझ्या माहेरी वाढलेली मनी आळ्याला सासरी न्यायची होती. आई म्हणाली, "तिला रस्ता दिसू देऊ नको गं, माघारी पळून येईल." म्हणून बांबूच्या डालग्यात बसवून वर जुनं लुगडं बांधलं. वाटेत मनी लई ओरडली आणि मधेच एकदम गप्प झाली. मला वाटलं, गुदमरली की काय! "अवो, थांबवा गाडी!" यांनी गाडी कडेला घेतली, मनी बाहेर पळू नये म्हणून काचा वर केल्या. लुगडं सोडलं, तर सासूबाईंसाठी दिलेली सुकटीची पुडी घाईत डालग्यातच राहिलेली, आणि ती फस्त करून बाईसाहेब मिशा चाटत बसलेल्या. हे म्हणाले, "माहेर सोडताना तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हिच्याकडनं शीक जरा!"