रनाळ्यासाठी टिकाऊ रेडिओ

एखादी वस्तू टिकाऊ आहे का, एवढं साधं कोणाला विचारून पाहा. उत्तर सोडून बाकी सगळं मिळतं! त्या एका हिवाळ्यात माझ्याकडे इतके किस्से साठले, की मित्र भेटले की अजून म्हणतात, "ते रेडिओचं सांग."

धुळ्याहून बी.एस्सी. होऊन मी नुकताच रनाळ्याला परतलो होतो. तरुण मंडळाने गावासाठी बॅटरीवरचा रेडिओ घ्यायचं ठरवलं. वर्गणी एकाच रेडिओपुरती. पुन्हा निघणं शक्य नव्हतं. मी सभेत ताडकन उठलो. "जाहिरातीत सगळेच रेडिओ उत्तम! स्वतंत्र देशाच्या माणसाने जाहिरातीवर विसंबायचं? जे वर्षानुवर्षं वापरतात त्यांना विचारू!"

तरुण मंडळाचे अध्यक्ष दगाआबा, वय साठीच्या पुढे. म्हणाले, "मंग तूच निवड. पन बिघडना तं रोज सांजले चावडीवर पेपर तू वाचजो, उभा ऱ्हाईसन!"

बिघडला तर वाचेन, असं मी छाती काढून कबूल केलं.

*

पहिला रेडिओ विसरवाडीचा. हमरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलातला, भज्यांच्या धुराने काळा पडलेला. ट्रकांच्या धुळीत सकाळपासून वाजायचा.

मालक म्हणाला, "एक नंबर माल! डोळे झाकून घ्या."

तेवढ्यात तो बंद पडला. मालकाने उठून त्याच्या डाव्या कुशीत एक थापड मारली. गाणं सुरू!

"अहो, हा तर बिघडलाय! नवा का घेत नाही?"

मालक माझ्याकडे बघतच राहिला. "नव्याला कुठं मारायची, ते कोण सांगणार?"

बाकावरच्या ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. या रेडिओला चांगला म्हणायचं की वाईट, हे मला नंदुरबारच्या बसमध्येही ठरवता आलं नाही.

*

कळसाडीच्या हिरजीबाबांचा रेडिओ तर पंचक्रोशीत नावाजलेला. थोरल्याच्या लग्नात आला, नातू शाळेत जायला लागला तरी वाजतोय! मी हरखून गेलो.

"बाबा, इतक्या वर्षांत काय बदललं?"

"काहीच नई. वॉल्व बदलात, तेवढंच."

"बाकी सगळं तेच?"

"स्पीकर उंदीरनी खादा. तो नवा टाका."

"आणि ही पेटी?"

"पेटीले वाळवी लागनी. सुतारकडथून सागनी करी लिधी. देखा, कशी शे!"

"बटणं?"

"नातूनी तोडात."

"बाबा, मग यात जुनं काय राहिलं?"

बाबांनी रेडिओ उलटापालटा करून पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. "रेडिओनं सरकारी लायसन जुनं शे!"

*

नंदुरबारला रेडिओ दुरुस्त करणारे रशीदभाई. त्यांच्या दुकानात एकाच बनावटीच्या रेडिओंची रास पडली होती. मी मनात म्हटलं, सापडला गुन्हेगार!

"हा सारखा बिघडतो ना?"

"हां, बहुत बिगड़ता है."

"आणि तुमच्याकडे कधीच येत नाही, असा कोणता?"

त्यांनी समोर नवे रेडिओ विकणाऱ्या शेठच्या दुकानातल्या दुसऱ्या बनावटीकडे बोट केलं. मला आकाश ठेंगणं झालं. "मग आम्ही तोच घेतो!"

"अरे नको, बेटा!" रशीदभाई कळवळून म्हणाले. "बिगड़नेवाला लो. उसका सामान है मेरे पास. वो दुसरा बिगड़ा, तो मैं क्या करूंगा?"

"पण तो बिघडत का नाही?"

"मालूम नहीं. शायद किसीने लियाच नहीं."

हे वाक्य मी रनाळ्यापर्यंत उलटंसुलटं करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी खरं वाटत होतं!

*

शेवटी लोकांना विचारणं बंद केलं. परीक्षा आपणच घ्यायची, आपल्याच गाडरस्त्यावर! दुकानदार शेठकडे दोन्ही बनावटींचे एकेक रेडिओ मागितले.

शेठ म्हणाला, "खुशाल न्या. चांगला राहील तो परत आणा. मोडेल तो तुमचा, पैसे रोख."

अट मला रास्त वाटली. दगाआबांनाही. मोडलेल्याची भरपाई नको का द्यायला?

सरकी काढायच्या जिनात कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीत दोन्ही रेडिओ बांधले. नाल्यात गाडी अशी आपटली, की गाडीवानाने माझ्या शिक्षणाचा उद्धार केला.

चावडीवर गाव जमलं होतं. आधी सारखा बिघडणारा लावला. खणखणीत! मग कधीच न बिघडणारा. बटण पिळलं. काही नाही. पुन्हा पिळलं. काही नाही.

"सिद्ध झालं!" मी ओरडलो. "पहिलाच टिकाऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आबा हळूच म्हणाले, "मंग आते परत कोनता जाई?"

टाळ्या थांबल्या.

टिकाऊ रेडिओ दुसऱ्या दिवशी शेठकडे परत गेला. सगळी वर्गणीही गेली. न बोलणारा आमचा झाला. रशीदभाईंनी तो उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

सांजेला आबांनी तो चावडीवर मधोमध मांडला. माणसं गोल करून बसली. आबांनी माझ्या हातात पेपर दिला, मला रेडिओच्या मागे उभं केलं आणि वाकून बटण पिळलं.

"चाल भो, बोल."

मी पहिली बातमी वाचायला लागलो.

"आबा, आवाज येत नई!" मागून कोणीतरी ओरडलं.

आबांनी बटण आणखी पिळलं. मग उठले, माझ्याजवळ आले आणि डाव्या कुशीत एक थापड मारली.