पहिली प्लेट

दर गुरुवारी संध्याकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवरून बस पकडून मी एका सामाजिक केंद्रात जाते. शिकागोत राहणाऱ्या मूळ अमेरिकी आदिवासी कुटुंबांसाठी ते चालतं. मुलांचा अभ्यास घेतात, मणीकाम आणि ढोल शिकवतात. टेबलं मांडायची आणि वाढायचं, हे काम मी मागून घेतलं होतं, कारण त्यात फारसं बोलावं लागत नाही.

"असाइनमेंटसाठी रडतेस आणि तिथे फुकट वाढपी होतेस, यार!" रूममेट म्हणते. मी बूट घालते.

तिथली रीत अशी होती, की आधी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आईबाप, आज्या, तान्ही बाळंसुद्धा. आणि त्याआधी प्रत्येक पदार्थाचा घास घालून पहिली प्लेट गेलेल्या माणसांसाठी बाहेर ठेवायची. घरी पितृपक्षात आम्ही गच्चीवर पान ठेवायचो, त्यामुळे मला कोणाला काही विचारावं लागलं नाही.

प्लेट नेण्याचं काम नऊ वर्षांच्या एका मुलीकडे होतं. तिची आई आदल्या वर्षी गेली. आजी तिला दोन बस बदलून आणायच्या. त्यांनीच सांगितलं होतं, की ही शाळेत कोणाशी बोलत नाही, घरीही मान हलवते. पण दारासमोरच्या मेपलच्या झाडाखाली प्लेट ठेवताना ती आजीच्या भाषेत आईशी हळूच बोलायची. मी दार धरून उभी असायचे, म्हणून ऐकू यायचं.

मग नवीन मॅनेजर आली. हसरी, उत्साही. जेवणात जाणारा तास वर्गाला मिळावा म्हणून तिनं जेवण बंद केलं आणि घरी जाताना द्यायला बंद डबे सुरू केले. मोठ्यांनी मुलांना सोडून जावं, त्यांनाही ब्रेक मिळेल, असं तिचं म्हणणं. टेबलं भिंतीला लागली. मी दारात डबे वाटायला लागले.

आजींनी डबा घेतला नाही. "स्वयंपाक मला येतो, पोरी. मी काय इथे उपाशी म्हणून येते? ही इथे आईशी बोलते म्हणून आणते. ते नसेल, तर एवढी बसची दगदग कशाला?"

मुलगी कोट घालून काचेतून झाडाकडे बघत होती.

मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवली. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, भाषेची अडचण नव्हतीच. अडचण तोंड उघडायची होती. शेवटी मॅनेजरला सगळं सांगितलं.

"ओ, आय लव्ह दिस!" ती म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये नेटिव्ह हेरिटेज मंथ साजरा करतो ना, तेव्हा करू या. मुलं कागदी प्लेट्स रंगवतील, फोटो काढू."

"पण ती दर गुरुवारी..."

"दर आठवड्याला बाहेर अन्न ठेवलं तर उंदीर येतील ना?"

मी "ओके, थँक्स" म्हटलं. थँक्स! बसमध्ये घरापर्यंत त्या शब्दाचा राग येत राहिला.

पुढच्या गुरुवारी आजी मुलीला घेऊन आल्या, पण कोट न काढता दाराशीच थांबल्या. मी एक टेबल ओढलं, एक डबा उघडला आणि त्याच्या झाकणावर भात, मका, कोंबडीचा एक तुकडा काढला. झाकण मुलीच्या हातात दिलं आणि दार धरलं.

"ते डबे जातानाचे आहेत," मागून मॅनेजर म्हणाली.

"हो," मी म्हटलं. दार सोडलं नाही.

मुलगी झाडापाशी वाकली. तेवढ्यात मॅनेजर माझ्या खांद्यावरून ओरडली, "स्वीटी, आत ये, वर्ग सुरू झाला!" मुलगी गप्प झाली आणि वळून आजीकडे बघायला लागली.

"तिचं बोलणं व्हायचंय," आजी मॅनेजरला म्हणाल्या. मग मुलीला, "तू बोल गं. आम्ही थांबलोय."

बाहेरची थंडी आत येत होती. मुलीनं पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. आजींनी कोटाची बटणं सोडली.

डबे अजून चालूच आहेत. दर गुरुवारी मी एक उघडते, आणि दर गुरुवारी मॅनेजर मला हसत सांगते, की ते जाताना द्यायचे असतात.