किरेरू

वर्गातल्या पोरी तिला किरेरू म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं. जपानी शिकवणाऱ्या सरांनी एकदा हे क्रियापद फळ्यावर लिहिलं. दोरी ताणून ताणून तटकन तुटते, तसं माणसाचं डोकं सटकलं की तिकडे 'किरेरू' म्हणतात. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "सर, हे तं माह्याचसाठी बनवलं."

जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी मिळावी म्हणून आम्ही वाशीमला हा क्लास लावला होता. मी अनसिंगची, ती शेलूबाजारच्या भाजीमळ्यातली. राहायचो एकाच खोलीत. सकाळी नळाच्या पाण्यावरून ती घरमालकीणबाईंशी कडाडून भांडायची; संध्याकाळी त्याच बाई तिच्यासाठी गरम भजी घेऊन यायच्या. मी कधी आवाज चढवला नाही. मला त्या 'ती दुसरी' म्हणायच्या.

एकदा तिच्या गावी जाताना जीपमध्ये शेजारचा माणूस मला मुद्दाम खेटून बसला. मी अंग चोरत राहिले. तिच्या लक्षात आलं आणि तिने जीप थांबवायला लावून त्याला रस्त्यात उतरवलं. सगळी जीप तिचं कौतुक करत होती. मला मात्र तिचा हेवा वाटत होता. तो राग माझा होता आणि तो काढला तिने.

मुलाखतीत प्रत्येकीला स्वतःचा दोष विचारला. मी घोकलेलं उत्तर दिलं, की मी फार मेहनत करते. तिने ते एकच क्रियापद सांगितलं. समोरचे खळखळून हसले. तिचं व्याकरण रोज मी पक्कं करून घ्यायचे, पण निवड तिची झाली. निघताना ती गळ्यात पडून रडली. माझे डोळे कोरडेच राहिले.

परवा तिचा फोन आला, तो आईने उचलला. तिकडे एका आजोबांनी तिच्या अंगावर सूप फेकलं, तरी ती चिडली नाही. त्यांचा हात पुसत बसली. आई म्हणाली, "किती शांत झाली पोरगी." वाटलं, माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, आता तीही हिचीच झाली.

मी आईच्या हातून फोन घेतला. "मले तुह्या लय राग येते," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "बोल तू. मी आयकून राह्यली."