मोटारीचा मुराळी

सोलापूर-बार्शी रस्त्यावर टॅक्सी चालवणाऱ्या धुळाप्पाला चौऱ्याहत्तर साली मोटार कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. शेजारच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, "मागच्या काचेचं रबर खराब निघालंय. काच निसटेल म्हणून कंपनीनं गाडी परत बोलावलीय. फुकटात बदलून देणार."

धुळाप्पाचं डोकंच फिरलं. "दिलेली लेक अशी चिठ्ठी धाडून माघारी बोलावत्यात व्हय? न्यायची तर मुराळी धाडा म्हणावं."

"तासाभराचं काम, जाऊन या की," बायको अंबुबाई म्हणाली. पण माहेरच्यांपुढं नमेल तो धुळाप्पा कसला. तीन महिन्यांनी नव्या पेठेत काच निसटली आणि तिचा चुरा झाला. त्यानं काचेच्या जागी सोलापुरी चादर बांधली आणि धंदा चालू ठेवला.

शेवटी कंपनीचा मिस्त्री खरोखरच दारात आला. धुळाप्पानं मुराळ्याचा मान म्हणून त्याला पुरणपोळी जेवू घातली. मिस्त्रीनं चादर सोडली, रिकाम्या चौकटीला नवं रबर नेटकं बसवलं आणि 'दोष दूर केला' असं लिहून सही घेतली.

"आन् काच वो?" अंबुबाईनं विचारलं.

"पत्र रबराचं होतं, काकू," मिस्त्री म्हणाला. "काचेत दोष नव्हता."