दोन लहान म्हणजे एक मोठी

मास्टरांना मास्टर का म्हणतात याबद्दल दोन मतं होती. कुठल्याही कुलपाची किल्ली ते करून देत म्हणून मास्टर, असं गिऱ्हाइकं म्हणत. जगातल्या कुठल्याही विषयावर समोरच्याला शिकवायला एका पायावर तयार असत म्हणून मास्टर, असं त्यांची बायको म्हणे. तिला सगळे मास्टरीणबाई म्हणत. ती एका शाळेत शिपाई होती. घंटा देणं आणि वर्गांच्या किल्ल्या सांभाळणं हे तिचं काम. दिवसभर शेकडो पोरांना “असं करू नका” सांगून घरी यायचं आणि पुन्हा एकाला तेच सांगायचं, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. शाळेतली पोरं निदान पुढच्या वर्गात तरी जात.

राहत्या इमारतीच्याच जिन्याखाली मास्टरांचं दुकान होतं. आत एकाला बसता येई, दुसऱ्याला वाकून बोलता येई. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, मांडीवर फळी, हातात कानस आणि तोंडाचा पट्टा चालू. पण हट्टी कुलूप समोर आलं की तो पट्टा थांबे. कुलपात तार घालून मास्टर डोळे मिटत आणि उजव्या हाताची तर्जनी तारेवर टेकवत. आत काय अडलंय, काय सुटतंय, ते त्या बोटाला कळे. त्या वेळी मास्टरीणबाईंना नवऱ्याबद्दल खरोखर आदर वाटे. कुलूप उघडलं की मास्टर बोलायला लागत आणि आदर ओसरे.

तर झालं असं, की एका कापडाच्या गोदामाचं शटर आतून अडकलं होतं. मास्टरांनी फटीतून हात घातला आणि कडी चाचपू लागले. आत एक मांजर कोंडली गेली होती. तिला वाटलं, आता आपल्यावर हात टाकतायत. तिने नेमकी तर्जनीच दातांत धरली. मास्टरांनी शटर उघडलं, मांजर पळाली, गिऱ्हाईक खूश झालं आणि मास्टरांनी बोटाला कुलपात घालायचं तेल चोळलं. घरी येऊन बायकोला चकार शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलता येईना तेव्हा बिंग फुटलं.

“तेल?” मास्टरीणबाई म्हणाल्या. “अहो, बोट आहे का बिजागरी?”

“अगं, चावा केवढासा आहे. दोन टोचे.”

त्या दोन टोच्यांभोवती बोट लाल होऊन टम्म फुगलं होतं. मास्टरीणबाईंनी शाळेत निरोप धाडला आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे ओढत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बोट सगळ्या बाजूंनी पाहिलं, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि रेबीजच्या इंजेक्शनांच्या तारखा लिहून दिल्या. मग विचारलं, “पेनिसिलिन किंवा तसल्या कुठल्या औषधाने कधी अंगावर पुरळ, सूज...”

“मला कसलीच रिअ‍ॅक्शन येत नाही,” मास्टर म्हणाले.

“पुरता प्रश्न तरी ऐका. कावीळ? लिव्हरचं काही?”

“आमच्या घराण्यात...”

डॉक्टरीणबाई मास्टरीणबाईंकडे वळल्या. “तुम्ही सांगा.”

मास्टरीणबाईंनी सांगितलं, की मागे छातीत कफ झाला होता तेव्हा तसलं औषध घेतलं होतं, त्रास झाला नव्हता. कावीळ कधी नाही. दुसरी गोळी चालू नाही.

“मांजरीचे दात सुईसारखे असतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वरून भोक बारीक, पण घाण खोल जाते. बोट वाकवणारी दोरी असते आत. तिच्यापर्यंत पू पोचला तर बोट कायमचं ताठ राहील. तुमचा धंदा हातावर आहे ना? मग नीट ऐका. या गोळीत दोन औषधं आहेत. एक जंतू मारतं. काही जंतू त्या औषधालाच निकामी करतात, त्यांना दुसरं थोपवून धरतं. जेवायला सुरुवात करतानाच घ्यायची, उपाशीपोटी नाही. वेळा चुकवायच्या नाहीत. बरं वाटलं तरी दिलेल्या सगळ्या संपवायच्या. पोट थोडं सैल होईल. फार जुलाब झाले, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर मला कळवा. अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, श्वास लागला तर गोळी बंद आणि ताबडतोब दवाखाना. आपल्या मनाने काहीही करायचं नाही.”

शेवटचं वाक्य ऐकताना मास्टर भिंतीवरच्या औषधाच्या कपाटाचं कुलूप न्याहाळत होते. “हे कुलूप काही खरं नाही, बदलून घ्या,” ते उठता उठता म्हणाले.

पहिली गोळी त्यांनी नुसत्या चहाबरोबर घेतली आणि मळमळतंय म्हणून औषधालाच बोल लावला. त्यानंतर मास्टरीणबाई ताट वाढून गोळी स्वतः हातावर ठेवू लागल्या. दुपारची गोळी मात्र दुकानात, मास्टरांच्या भरवशावर. सूज उतरू लागली. बोट वाकू लागलं.

“आला गुण,” मास्टर म्हणाले.

“गुण आला म्हणजे गोळ्या संपल्या असं नाही. घ्यायच्या आहेत अजून.”

“घेतोय की.”

आता हा माणूस इतक्या सरळ हो म्हणतोय, इथेच आपल्याला शंका यायला हवी होती, असं मास्टरीणबाईंना नंतर वाटलं. त्या आठवड्यात शाळेत परीक्षा होत्या. त्या सकाळी लवकर जात, उशिरा येत आणि आल्यावर “गोळी घेतली?” विचारत. “घेतली” असं उत्तर येई.

मग एका सकाळी समोरचे शिंपीकाका दारात आले. त्यांचं तोंड, मान, हात, सगळीकडे लाल चट्टे उठले होते.

“वहिनी, ती मास्टरांनी दिलेली गोळी मला काही सोसली नाही बघा.”

“कुठली गोळी?”

“सर्दीसाठी दिली होती. अर्धी पट्टी. म्हणाले, भारी औषध आहे, मांजर चावलेलं बरं होतं तर सर्दी किस झाड की पत्ती.”

मास्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. त्यांनी शिंपीकाकांना आधी खाली बसवलं, श्वास लागतोय का, ओठ सुजलेत का ते विचारलं आणि त्यांच्या मुलीबरोबर ताबडतोब दवाखान्यात पाठवलं. शिंपीकाकांना लहानपणापासून पेनिसिलिन चालत नव्हतं. ते त्यांना पक्कं माहीत होतं. पट्टीवर नाव वेगळं होतं, म्हणून ही त्याच जातीची गोळी हे कळलं नाही, एवढंच. आणि सर्दीला या गोळीचा उपयोग नसतो हे ना देणाऱ्याला माहीत होतं, ना घेणाऱ्याला. वेळेवर गेले म्हणून निभावलं.

मग त्या मास्टरांकडे वळल्या. मास्टर त्या दिवशी दुकानात गेले नव्हते. सकाळपासून त्यांच्या संडासाच्या खेपा चालू होत्या आणि उजवा हात ते पंचाखाली लपवत होते.

“तुमची अर्धी पट्टी त्यांना दिली, मग तुम्ही काय घेत होतात?”

“मध्ये थोडं थांबवलं होतं. बोट बरं होतं ना.”

“आणि आता?”

“पुन्हा ठणकायला लागलं म्हणून पुन्हा चालू केल्या. तुझं डोकं कशाला फिरवा, म्हणून आपली आपण सोय केली.”

सोय अशी, की वरच्या मजल्यावरच्या मावशींचा औषधांचा खण अडकला होता. मास्टरांनी तो उघडून दिला. आत मावशींच्या नातवाच्या दातदुखीतल्या उरलेल्या गोळ्या होत्या, नाव तेच, फक्त आकडा लहान. मावशींनी कौतुकाने देऊन टाकल्या.

“आकडा लहान, म्हणून मी एका वेळी दोन घेतो,” मास्टर समजावून सांगू लागले. “दोन लहान म्हणजे एक मोठी. साधा हिशेब आहे.”

एवढं बोलून त्यांना पुन्हा आत जावं लागलं.

मास्टरीणबाईंनी पंचा ओढून बोट पाहिलं. ते आकड्यासारखं वाकलेलं होतं. त्यांनी ते जरा सरळ करायला हात लावला आणि मास्टर ओरडले. मास्टर ओरडत नसत. मास्टरीणबाईंना राग आणि भीती एकदमच आली आणि त्यांना रडू येऊ लागलं. ते गिळून त्यांनी दोन्ही पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. “जंतू मारणारं औषध लहान गोळीत निम्मं आहे. पण थोपवणारं दुसरं औषध दोन्हींत सारखंच आहे. दोन लहान घेतल्या की ते दुप्पट पोटात गेलं. म्हणून हे जुलाब. एक मोठी म्हणजे दोन लहान, असं या गोळीत होत नाही.”

“कुणी सांगितलं नाही असं,” मास्टर पुटपुटले.

“सांगितलं होतं,” मास्टरीणबाई म्हणाल्या. “आपल्या मनाने काही करू नका म्हणून सांगितलं होतं. अहो, अर्धी तुटलेली किल्ली घेऊन गिऱ्हाईक आलं की तुम्हीच त्याला हसता ना? दोन अर्ध्या किल्ल्यांनी कुलूप उघडतं का म्हणून विचारता ना? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.”

मास्टर पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचू लागले. मास्टरीणबाईंना जिंकल्याचा आनंद झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी बोट पुन्हा सगळ्या बाजूंनी तपासलं. मग त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला.

त्याच दुपारी बोट उघडून आतला पू धुऊन काढला. सलाईन लागलं, औषध शिरेतून सुरू झालं. मास्टर खाटेवर पडून राहिले. शेजारच्या रुग्णाला कुठल्या दारावर कुठलं कुलूप लावावं हे त्यांनी सांगितलं नाही. मास्टरीणबाई शाळा, घर आणि हॉस्पिटल अशा फेऱ्या मारत होत्या. घरी आल्या की रिकाम्या खोलीत नवऱ्याला मनातल्या मनात बोल लावत आणि हॉस्पिटलात गेल्या की सूप पाजत.

बोट वाकेल का, असं त्यांनी सर्जनला दारात गाठून विचारलं.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला. “उशिरा आलात. जखम भरल्यावर व्यायाम करायचे. मग बघू.”

जुलाब थांबले, तपासणीत वेगळं काही निघालं नाही, तेव्हा घरी सोडलं. पुन्हा त्याच मोठ्या गोळ्या दिल्या आणि त्या शेवटपर्यंत घ्यायला बजावलं. हाताला जाडजूड बँडेज होतं. दोघं जिना चढून दाराशी आली. मास्टरीणबाईंनी पिशवीत हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. सकाळी डबा आणि धुतलेला शर्ट घेण्याच्या गडबडीत त्यांनी दार ओढून घेतलं होतं. किल्ली आतच होती. ओढलं की आपोआप लागणारं ते कुलूप मास्टरांनीच बसवलेलं होतं. असलं कुलूप गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही, असं ते सांगत.

शाळेच्या सगळ्या वर्गांच्या किल्ल्या सांभाळणारी बाई घराबाहेर उभी राहिली. मास्टर हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत.

त्यांनी खाली दुकानातून तारा आणायला सांगितल्या. “तू घाल. मी सांगतो.”

मास्टरीणबाईंनी तार घातली. “आता?”

“आता हळूच वर दाब. लागलं काही?”

“काय लागायचंय?”

“अगं, जरासं... म्हणजे...” मास्टर थांबले. “कसं सांगू? ते बोटाला कळतं.”

त्यांनी डाव्या हाताने करून पाहिलं. तार आत नुसती फिरत राहिली. शेवटी मास्टरीणबाईंनी पलीकडच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याला फोन केला. त्याचं नाव निघालं की मास्टर एरवी “तो कानस्या” म्हणत. या वेळी ते डाव्या हाताने तारा गोळा करू लागले.

वाट बघत दोघं पायरीवर बसली. जेवणाची वेळ झाली होती. मास्टरीणबाईंनी डबा उघडला, मास्टरांच्या डाव्या हातात घास दिला आणि पट्टीतून गोळी काढून समोर धरली. त्यांनी मुकाट्याने ती घेतली.

किल्लीवाला आला. मास्टरांना पाहून तो अवघडला, मग खाली बसला. त्याने तार घातली, डोळे मिटले आणि तर्जनी टेकवली. मास्टर त्याच्या बोटाकडे टक लावून पाहत होते. कुलूप सुटल्याचा आवाज झाला.

“माझं बोट असं चालेल का गं पुन्हा?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

इतके दिवस मास्टरीणबाईंनी मनात साठवून ठेवलेलं बोलायला हीच वेळ होती. त्यांना त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“सांगता येत नाही म्हणालेत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना आधार देऊन उठवू लागल्या.